लघवी गळते तेव्हा नेमके काय बिघडलेले असते?

अडुसष्ट वर्षांचे दोन गृहस्थ एकाच दिवशी डॉक्टरांकडे गेले आहेत, अशी कल्पना करा. दोघांचे गाऱ्हाणे शब्दशः सारखे आहे: दर तासाला लघवीला जावे लागते, रात्री चार-पाच वेळा उठावे लागते आणि मध्येच कपडे ओले होतात. दोघांनाही लघवी करून यायला सांगितले जाते आणि लगेच ओटीपोटाची सोनोग्राफी केली जाते. पहिल्या गृहस्थांच्या मूत्राशयात जेमतेम ३० मिलिलिटर लघवी उरलेली दिसते, तर दुसऱ्यांच्या मूत्राशयात ७०० मिलिलिटर. पहिल्यांचे मूत्राशय उतावीळ झाले आहे. थोडे भरले की ते मालकाला न विचारता आवळते. दुसऱ्यांचे मूत्राशय कधी रिकामेच होत नाही, आणि काठोकाठ भरलेल्या घागरीतून पाणी सांडावे तशी त्यातून लघवी सांडत राहते. पहिल्यांना मूत्राशय शांत करणारे औषध लागू पडेल. तेच औषध दुसऱ्यांना दिले, तर त्यांची लघवी पूर्णपणे तुंबू शकेल.

पुरुषांच्या लघवीच्या तक्रारींविषयी सर्वांत आधी हे समजून घ्यायला हवे, असे मला कळकळीने वाटते. लघवी गळणे हे लक्षण आहे, ते आजाराचे नाव नव्हे, आणि या एकाच लक्षणामागे एकमेकांच्या अगदी उलट बिघाड असू शकतात. म्हणूनच शेजाऱ्याला ज्या गोळीने बरे वाटले ती गोळी आणून घेणे धोक्याचे ठरते, आणि ‘वय झाले की असे व्हायचेच’ म्हणून गप्प बसणे त्याहून धोक्याचे ठरते. वयाबरोबर हा त्रास वाढतो हे खरे आहे, पण वय हे त्याचे निदान नव्हे.

निरोगी शरीरात हे काम कसे चालते ते आधी पाहू. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी साधारण दीड लिटर लघवी तयार करतात आणि ती थेंबाथेंबाने मूत्राशयात उतरत राहते. मूत्राशय ही स्नायूची पिशवी आहे, आणि तिचा मोठा गुण असा की ती भरताना सैलावत जाते. आत लघवी वाढली तरी आतला दाब फारसा वाढत नाही. साधारण १५० ते २०० मिलिलिटर लघवी जमली की पहिली जाणीव होते, पण ती सहज बाजूला सारता येते. ४०० च्या आसपास मात्र उठावेसे वाटू लागते. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात ४०० ते ६०० मिलिलिटर लघवी मावते, त्यामुळे दिवसा दर तीन-चार तासांनी जावे लागणे स्वाभाविक आहे.

पिशवीच्या तोंडाशी पुरुषांमध्ये दोन झडपा असतात. आतली झडप मूत्राशयाच्या मानेपाशी असून तिच्यावर आपली हुकमत चालत नाही. बाहेरची झडप प्रोस्टेट ग्रंथीच्या खाली असते आणि ती आपण इच्छेने आवळू शकतो. लघवी अडवून धरताना आपण जो भाग आवळतो तो हाच. या दोन झडपांच्या मध्ये, मूत्रमार्गाला चहूबाजूंनी वेढून, प्रोस्टेट बसलेली असते. पुरुषांच्या बहुतेक अडचणी समजण्यासाठी हा नकाशा पुरेसा आहे: वर पिशवी, तिच्या तोंडाशी एक झडप, मग प्रोस्टेट, मग दुसरी झडप आणि त्यापुढे साधारण २० सेंटिमीटरच्या एकूण लांबीचा मूत्रमार्ग.

पिशवी आणि झडपा यांच्यात ताळमेळ राखण्याचे काम मज्जासंस्था करते. मूत्राशय भरत असल्याचे निरोप पाठीच्या कण्याच्या तळाकडून मेंदूच्या देठापर्यंत जातात. पिशवी आवळण्याचा आणि त्याच क्षणी झडप सैल सोडण्याचा जोडआदेश देणारे केंद्र तेथे आहे. फ्रेडरिक बॅरिंग्टन या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी १९२५ साली मांजरांवरील प्रयोगांतून ते दाखवून दिले. त्याच्याही वर मेंदूचा पुढचा भाग ‘आत्ता नको, थांब’ असा लगाम धरून बसलेला असतो. तान्ह्या बाळाचा हा लगाम तयार झालेला नसतो, म्हणून त्याचे मूत्राशय भरले की आपोआप रिकामे होते. पक्षाघात किंवा कंपवात यांत नेमका हा लगाम सैल पडतो, आणि वर्षानुवर्षे शिस्तीत चाललेले मूत्राशय पुन्हा स्वतःच्या मर्जीने आवळू लागते. अशा रुग्णाला ‘थोडा वेळ धरून ठेवता येत नाही का’ असे विचारणे हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण धरून ठेवणारा भागच दुखावलेला असतो.

आता प्रोस्टेटकडे येऊ. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅम वजनाची असते. चाळिशीनंतर ती बहुतेकांमध्ये हळूहळू वाढू लागते. साठीपर्यंत निम्म्या पुरुषांमध्ये आणि पंचाऐंशीपर्यंत दहापैकी नऊ जणांमध्ये ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे रूपांतर कर्करोगात होत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण या भीतीपोटीच अनेक जण तपासणी टाळतात. वाढ झालेल्या सर्वांनाच त्रास होतो असेही नाही. ग्रंथी किती मोठी आहे यापेक्षा ती मूत्रमार्गावर कोठे आणि किती दाब देते हे महत्त्वाचे असते. मोठी ग्रंथी असूनही धार चांगली असलेले पुरुष आढळतात, आणि लहानशी ग्रंथी असूनही लघवीसाठी झगडणारेही आढळतात.

अडथळ्याचा पहिला परिणाम धारेवर होतो: लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक होते, मध्येच तुटते, जोर करावा लागतो, आणि उठल्यावरही काही उरले आहे असे वाटत राहते. मूत्राशय मात्र हार मानत नाही. अरुंद वाटेतून लघवी ढकलण्यासाठी त्याच्या भिंतीचा स्नायू जाड होत जातो, आणि असा राबलेला स्नायू चिडखोर बनतो. वाट पुढे अडलेली असताना घाईची भावना, वरचेवर जाणे आणि बाथरूमपर्यंत पोहोचण्याआधीच लघवी सुटणे हे सारे का होते, याचे उत्तर येथे आहे. अडथळा वर्षानुवर्षे तसाच राहिला तर काही जणांचा हा स्नायू शेवटी थकतो. मग प्रत्येक वेळी थोडी लघवी मागे उरते, उरलेली वाढत जाते, पिशवी ताणून सैल पडते, आणि सुरुवातीच्या दुसऱ्या गृहस्थांची अवस्था येते. अशा माणसाला पुष्कळदा दुखतही नाही, कारण ताण सावकाश वाढलेला असतो. रात्री अंथरूण ओले होऊ लागणे हे कधी कधी त्याचे पहिले ठळक चिन्ह असते. वयस्क पुरुषाचे अंथरूण नव्याने ओले होऊ लागले असेल, तर मूत्राशयात लघवी साठून राहत नाही ना हे पाहिल्याशिवाय दुसरे काहीही करू नये. वर साठलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोचला, तर त्यांना इजा होते.

गळतीचे जे प्रकार डॉक्टर मानतात ते या नकाशावर आता सहज मांडता येतील. अचानक अनावर घाई होऊन लघवी सुटणे हा उतावळ्या मूत्राशयाचा प्रकार. घराच्या कुलपात किल्ली घालताना किंवा नळाचे पाणी वाहताना ऐकून ही घाई उसळते, असे अनेक जण सांगतात. खोकताना, शिंकताना, खुर्चीतून उठताना किंवा वजन उचलताना गळणे हा झडप कमकुवत झाल्याचा प्रकार. पुरुषांमध्ये तो बहुधा प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर दिसतो. भरून सांडणे हा तिसरा. चौथ्या प्रकारात मूत्राशयाचा फारसा दोषच नसतो: गुडघे धरलेले असतात, बटणे लवकर निघत नाहीत, चालायला आधार लागतो, स्मृतिभ्रंशामुळे बाथरूम कोठे आहे ते आठवत नाही. अशा व्यक्तीच्या पलंगाशेजारी लघवीचे भांडे ठेवणे, नाडी-बटणांऐवजी इलॅस्टिकची विजार देणे, वाटेत रात्रभर मंद दिवा ठेवणे आणि दर दोन-तीन तासांनी आठवणीने नेऊन आणणे, यांचा उपयोग कोणत्याही गोळीपेक्षा जास्त होतो. एकाच माणसात दोन प्रकार एकत्र असणे मुळीच दुर्मीळ नाही.

एक त्रास या सर्वांपासून वेगळा काढायला हवा, कारण तो अतिशय सर्रास आढळतो, निरुपद्रवी असतो आणि तरीही माणसाला फार खजील करतो. लघवी झाली, कपडे नीट केले, हात धुतले, आणि दोन पावले चालताच पाच-सहा थेंब सुटून विजारीवर डाग पडला. येथे मूत्राशय गळलेले नसते. मूत्रमार्गाचा वृषणांच्या मागे असलेला भाग खोलगट वळणाचा असतो, तेथे थोडी लघवी साचून राहते आणि हालचाल होताच बाहेर पडते. ती पुढे ढकलणारा स्नायू वयानुसार मंदावतो. उपाय साधा आहे. लघवी संपल्यावर काही क्षण थांबावे, वृषणांच्या मागे, गुदद्वाराच्या पुढे, दोन-तीन बोटांची टोके ठेवावीत आणि हलका दाब देत ती पुढे, शिश्नाच्या मुळाकडे सरकवावीत. अडकलेली लघवी टोकाकडे येते आणि झटकून टाकता येते. दोन-तीनदा असे केले की जागा कोरडी होते. इतकी साधी गोष्ट बहुतेक पुरुषांना कधीच कोणी सांगितलेली नसते, याचे मला राहून राहून वाईट वाटते.

प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढतात तेव्हा तिच्याबरोबर आतल्या झडपेचा आधारही जातो, आणि सारा भार एकट्या बाहेरच्या झडपेवर येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी मूत्राशयात घातलेली रबरी नळी काढल्यावर पहिल्या दिवसांत जवळजवळ प्रत्येकाची लघवी कमी-अधिक गळते. सकाळी बरे असते आणि संध्याकाळपर्यंत गळती वाढते, कारण तो लहानसा स्नायू दिवसभरात थकून जातो. हे आधी ठाऊक नसेल तर माणूस खचतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच त्याला ते स्पष्ट सांगितले पाहिजे. बहुतेकांचा ताबा पुढच्या तीन ते बारा महिन्यांत पुष्कळ अंशी परत येतो. सुधारणा मोजायची असेल तर पॅड वापरण्यापूर्वी आणि नंतर तराजूवर ठेवावे. वाढलेला १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिलिलिटर लघवी. दिवसाला २०० ग्रॅमवरून ८० ग्रॅमवर आलेला माणूस अजून ओलाच असतो, पण तो सुधारतो आहे हे त्याला आकड्यात दिसते. कर्करोग नसलेल्या वाढीसाठी दुर्बिणीतून प्रोस्टेटचा आतला भाग खरवडून काढतात. त्या शस्त्रक्रियेत बाहेरची झडप जपली जाते, त्यामुळे कायमची गळती क्वचितच होते.

रात्रीच्या त्रासाविषयी थोडे विस्ताराने बोलायला हवे, कारण येथे दोष सर्वाधिक वेळा चुकीच्या अवयवावर टाकला जातो. उदाहरणादाखल लघवीच्या नोंदवहीचे एक पान समोर ठेवू. गृहस्थ रात्री ११ वाजता झोपतात. १ वाजता उठून ३०० मिलिलिटर, सव्वातीनला २८०, ५ वाजता २५० आणि सकाळी ७ वाजता उठल्यावर २५०. रात्रीचे एकूण १,०८० मिलिलिटर. दिवसभरात पाच वेळा मिळून ७२०. म्हणजे चोवीस तासांतल्या १,८०० मिलिलिटरपैकी तब्बल ६० टक्के लघवी रात्री तयार झाली. उतारवयात हा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला, तर रात्री लघवी जास्त तयार होते असे मानतात. या गृहस्थांचे मूत्राशय ३०० मिलिलिटर सहज धरते आहे, त्यामुळे प्रोस्टेटच्या औषधाने त्यांची झोप सुधारण्याची आशा थोडीच. त्यांच्या पायांवर संध्याकाळी सूज येते का, हे पाहायला हवे. दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. झोपेत घोरणे आणि श्वास अडणे हेही एक महत्त्वाचे कारण आहे, कारण श्वास अडल्यावर हृदयावर येणाऱ्या ताणामुळे लघवी वाढवणारे संप्रेरक स्रवते. दुपारनंतर तासभर पाय उंच ठेवून पडणे, संध्याकाळी पातळ पदार्थ आणि मीठ कमी घेणे, सूज उतरवणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने दुपारची करणे, अशा बदलांनी अशांची झोप सुधारू शकते. याउलट दुसऱ्या एखाद्याच्या पानावर दिवसा आणि रात्री प्रत्येक वेळी ८० ते १०० मिलिलिटर एवढाच आकडा असेल, तर मूत्राशय एक तर पुरते धरत नाही किंवा पुरते रिकामे होत नाही. नुसते ‘रात्री चारदा उठतो’ एवढेच सांगितले असते, तर हे दोघे सारखेच दिसले असते.

ही नोंदवही ठेवायला तीन दिवस आणि खुणा असलेले एक प्लॅस्टिकचे भांडे एवढेच लागते. प्रत्येक वेळची घड्याळातली वेळ, लघवीचे माप, गळती झाली असेल तर ती काय करताना झाली, आणि दिवसभरात काय व किती प्यायले, हे लिहावे. डॉक्टरांसमोर अर्धा तास बोलूनही जे सांगता येत नाही ते या पानांवर उतरलेले असते. याशिवाय सात प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली वापरतात. तिचे गुण ० ते ३५ असून ७ पर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० पासून पुढे तीव्र मानला जातो. यंत्रात लघवी करून धारेचा वेग मोजतात. निदान १५० मिलिलिटर लघवी झाली तरच हे माप विश्वासार्ह असते. सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर वेग असेल तर तो सहसा चांगला, आणि १० च्या खाली असेल तर वाट अडलेली असावी किंवा स्नायू दुबळा असावा. या दोहोंत फरक करण्यासाठी कधी कधी बारीक नळी घालून मूत्राशयातला दाब मोजावा लागतो. लघवीची आणि रक्तातील साखरेची तपासणी तर सुरुवातीलाच व्हावी, कारण जंतुसंसर्गही घाई निर्माण करतो आणि मधुमेह दोन्ही बाजूंनी त्रास देतो: साखर वाढल्याने लघवी जास्त होते, आणि पुढे नसा बधिर झाल्या की मूत्राशय भरल्याचे कळतच नाही. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासतात तेव्हा संकोच वाटतो, परंतु ती तपासणी अर्ध्या मिनिटात संपते आणि ग्रंथीचा कडकपणा, गाठ, दुखरेपणा हे तिच्यातून लगेच कळते.

डॉक्टरांना आपण घेत असलेली सर्व औषधे दाखवावीत, सर्दीची गोळीसुद्धा. नाक मोकळे करणाऱ्या काही औषधांनी मूत्राशयाची मान आवळली जाते, आणि सुस्ती आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी मूत्राशयाचा स्नायू ढिला पडतो. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी सर्दीच्या साध्या औषधाने पूर्ण तुंबल्याची उदाहरणे डॉक्टरांना चांगलीच परिचित असतात. बद्धकोष्ठाकडेही दुर्लक्ष करू नये; गच्च भरलेले आतडे शेजारच्या मूत्राशयावर दाबते, आणि पोट साफ होऊ लागताच लघवीची तक्रारही हलकी होते.

उपचारांची सुरुवात पुष्कळदा औषधाविना होते. गळतीच्या भीतीने पाणी तोडणे ही येथली सर्वांत मोठी चूक आहे, कारण दाट लघवी मूत्राशयाला डिवचते आणि बद्धकोष्ठ वाढते. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी, तेही दिवसाच्या पहिल्या भागात जास्त, हे बहुतेकांना योग्य ठरते; हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारात ज्यांना पाण्याचे बंधन आहे त्यांनी अर्थातच डॉक्टरांचे ऐकावे. चहा-कॉफी आणि मद्य कमी करून फरक पडतो का, हे दोन आठवडे पाहावे. उतावळ्या मूत्राशयाला वळण लावता येते: घाई उसळली की धावत न सुटता जागच्या जागी थांबावे, शक्य असल्यास बसावे, गुदद्वाराभोवतीचा स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडावा, लाट ओसरू द्यावी आणि मग शांतपणे चालत जावे. हळूहळू दोन खेपांमधले अंतर पाच-दहा मिनिटांनी वाढवत न्यावे. काही आठवड्यांच्या चिकाटीनंतर मूत्राशय पुन्हा ऐकू लागते.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी मांडले, म्हणून ते बायकांचे व्यायाम आहेत असा समज राहून गेला. पुरुषांनाही ते तितकेच लागू आहेत. गुदद्वारातून सरणारा वारा अडवताना जो भाग आवळतो तो स्नायू ओळखावा. आरशासमोर उभे राहिल्यास शिश्नाचे मूळ किंचित आत ओढले जाते आणि वृषण वर उचलले जातात, ही बरोबर जमल्याची खूण. पोट, मांड्या आणि कुल्ले सैल असावेत आणि श्वास चालू असावा. सुरुवातीला तीन ते पाच सेकंद धरावे, तेवढाच वेळ सैल सोडावे, आणि वाढवत दहा सेकंदांपर्यंत न्यावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. खोकण्यापूर्वी किंवा उठण्यापूर्वी क्षणभर आधी हा स्नायू आवळण्याची सवय लावावी, कारण प्रत्यक्ष गळती तेथेच थांबते. फरक दिसायला तीन महिने लागू शकतात. लघवी मध्येच तोडून रोज हा व्यायाम करणे मात्र बरे नव्हे. त्याने मूत्राशय अपुरे रिकामे होण्याची सवय लागू शकते.

औषधांचे मुख्य गट तीन. टॅमसुलोसिनसारखी औषधे मूत्राशयाची मान आणि प्रोस्टेटमधला स्नायू सैल करतात, आणि त्यांचा परिणाम काही दिवसांतच जाणवतो; एकदम उठल्यावर चक्कर येणे आणि वीर्य बाहेर न पडता मूत्राशयाकडे जाणे हे त्यांचे ओळखीचे दुष्परिणाम आहेत, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर नेत्रतज्ज्ञांना या गोळीविषयी सांगणे अत्यावश्यक आहे. फिनास्टेराइड आणि ड्यूटास्टेराइड ग्रंथीचा आकारच कमी करतात, पण त्याला सहा महिने लागतात, लैंगिक इच्छा कमी होऊ शकते, आणि रक्तातील पीएसएचा (प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या तपासणीत मोजतात त्या प्रथिनाचा) आकडा साधारण निम्म्यावर येतो. ही गोळी चालू असल्याचे सांगितले नाही, तर तपासणीचा आकडा फसवा ठरू शकतो. तिसरा गट मूत्राशय शांत करणाऱ्यांचा. त्यांतली सॉलिफेनासिन, ऑक्सिब्यूटिनिन यांसारखी औषधे तोंड कोरडे पाडतात, बद्धकोष्ठ करतात आणि वृद्धांमध्ये गोंधळलेपणा आणू शकतात. मिराबेग्रॉनमध्ये हे टळते, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. हा गट सुरू करण्यापूर्वी पुरुषांच्या मूत्राशयात किती लघवी उरते हे पाहिलेच पाहिजे. गोळ्यांनी न आवरणाऱ्या उतावळ्या मूत्राशयासाठी त्याच्या भिंतीत बोटुलिनम विषाची सूक्ष्म मात्रा टोचतात. तिचा परिणाम काही महिने टिकतो, आणि काही जणांना त्या काळात नळीने लघवी काढावी लागते.

ज्यांचा स्नायू थकला आहे त्यांनी दिवसातून ठरावीक वेळा स्वतःच बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे करणे, हा कायमची नळी ठेवण्यापेक्षा बहुधा चांगला मार्ग आहे. यासाठी शस्त्रक्रियागृहासारखी निर्जंतुक तयारी लागत नाही, हात आणि साधने स्वच्छ असली की पुरे, हे जॅक लॅपिडेस या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांनी १९७२ साली दाखवून दिले आणि असंख्य माणसांची मूत्रपिंडे त्यामुळे वाचली. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटूनही गळती चालूच असेल, तर मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवता येते. या झडपेचे कडे मूत्रमार्गाभोवती असते, द्रवाचा फुगा पोटात आणि छोटा पंप वृषणकोशात. पंप बोटांनी दाबला की कडे सैल होते, लघवी होते, आणि दोन-तीन मिनिटांत ते आपोआप पुन्हा भरून आवळले जाते. असा माणूस दुसऱ्या कोणत्याही रुग्णालयात दाखल झाला, तर नळी घालण्यापूर्वी ही झडप असल्याचे सांगायलाच हवे, नाहीतर मूत्रमार्गाला इजा होते. पॅड, शिश्नावर चढवायची आवरणे आणि त्यांना जोडलेली पिशवी ही साधने दरम्यानच्या काळात उपयोगी आहेत. ओली कातडी लगेच धुऊन कोरडी करावी, नाहीतर ती सोलवटते.

काही खुणा दिसल्यास थांबू नये. पोट तट्ट फुगून लघवी अजिबात न होणे. थंडी वाजून ताप येणे आणि लघवीला जळजळ होणे. लघवीबरोबर गाठी पडून रक्त जाणे. आणि कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या आतील बाजूची व गुदद्वाराभोवतीची जागा बधिर होऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही घडले तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे. शेवटच्या खुणेत कण्याच्या तळाच्या नसा दाबल्या गेलेल्या असतात, आणि उशीर झाल्यास पाय आणि मूत्राशय दोन्ही कायमचे गमवावे लागू शकतात. लघवीत एकदाच, न दुखता रक्त दिसले आणि आपोआप थांबले, तरी त्याची तपासणी व्हायलाच हवी, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांची, कारण मूत्राशयाचा कर्करोग अनेकदा असाच सुरू होतो.

बाकीच्यांनी तीन दिवसांची नोंद, चालू गोळ्यांची यादी आणि आधीची शस्त्रक्रिया असल्यास तिचे कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. आत गेल्यावर शब्द सापडत नसतील, तर ‘माझी लघवी कपड्यांत होते’ एवढे एकच वाक्य बोलावे आणि नोंदवही पुढे ठेवावी; पुढचे प्रश्न विचारणे हे डॉक्टरांचे काम आहे. ‘लघवी झाल्यानंतर आत किती उरते हे आपण मोजणार का?’ हा एक प्रश्न मात्र रुग्णाने स्वतःहून विचारावा.